सायकलच्या मुठीतला ब्रश

भिलाईचा कारखाना कुणी बांधला, असं आमच्या धाकटीला विचारलं तर ती बिनदिक्कत सांगते, बाबांनी. मी तिला कधी दुरुस्त केलेलं नाही. जेवणाच्या पाटावर बसून मी वर्षानुवर्षं ज्या गोष्टी सांगत आलो, त्यांतून कुठल्याही समजूतदार मुलीने हाच निष्कर्ष काढला असता. आणि एका अर्थाने ते अगदीच खोटं नाही. ज्या भट्ट्या नि चिमण्या आज दुर्गच्या स्टेशनावरूनही दिसतात, त्या जमिनीवर उगवण्याआधी मी कागदावर उभ्या केल्या होत्या. जलरंगात, धुरासकट.

माझी नोकरी ड्रॉइंग ऑफिसातली. म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या सासुरवाडीला अजून वाटतं की मी शाळेत चित्रकला शिकवतो. कारखान्याचा प्रत्येक खांब, प्रत्येक नळ आधी नकाशात असतो. मूळ नकाशावर निळसर, तुळतुळीत, खळ दिलेलं कापड पसरायचं आणि पोलादी टोकाच्या पेनाने काळ्या शाईत तो जसाच्या तसा उतरवायचा. मग त्या कापडावरून पाहिजे तेवढ्या प्रती छापून निघतात नि साइटवर जातात. आमचे मूळ नकाशे रशियन. त्यांतली अक्षरं आम्हाला ओ की ठो कळत नसत. दुभाषी येईपर्यंत ती आम्ही वेलबुट्टीसारखी उतरवायचो. पेन धरायचं ते पहिल्या तीन बोटांत, घट्ट, श्वास रोखून. शाईचा एक ठिपका पडला की आठवड्याचं काम गेलं.

या कामाचा एक चैनीचा भाग होता नि तो माझ्याकडे होता. साहेबलोक आणि पाहुणे यांना नकाशा कळत नाही. त्यांना चित्र लागतं. कारखाना पुरा झाल्यावर कसा दिसेल, त्याचं रंगीत चित्र. मी तरुणपणी नागपूरला एका मास्तरांकडे जलरंग शिकलो होतो, ते कुणीतरी वर सांगितलं आणि मोकळ्या माळाकडे पाहून पोलादाचा कारखाना रंगवण्याचं काम मला मिळालं. एका बड्या पाहुण्यांनी चित्र पाहून धूर कमी करायला सांगितलं. महिन्याभराने दुसरे आले, त्यांना कारखाना चालू दिसेना, म्हणून मी धूर वाढवला. रस्त्यांच्या कडेला मी माझ्या मनाने गुलमोहर लावले होते. पुढे टाउनशिपमध्ये खरेच गुलमोहर लागले. एकही माझ्या जागेवर नव्हता, पण मी ते मनाला लावून घेतलं नाही.

मग बोटं गेली.

गेली म्हणजे तुटली वगैरे नाहीत, जागच्या जागी होती. पण सकाळी उठल्यावर मूठ वळेना. उजव्या हाताचे सांधे लाल नि आल्यासारखे गाठाळ झाले. पेन धरलं की मनगटापर्यंत कळ जायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी संधिवात म्हणून नाव दिलं, गरम पाण्याचा शेक सांगितला आणि बारीक काम बंद. घरात मग औषधांची जत्रा भरली. निरगुडीचा पाला, लसणाचं तेल, मेथीचे लाडू. एका रशियन फोरमनने एक बाटली दिली आणि हातवाऱ्यांनी चोळायचं म्हणून सांगितलं. आमच्या मेहुण्याने ते हातवारे वेगळ्या अर्थाने घेतले. त्या संध्याकाळी तो फार प्रेमळ झाला होता, माझे सांधे मात्र होते तिथेच.

ऑफिसने मला सांभाळून घेतलं. प्रती वाटण्याच्या खिडकीवर बसवलं. साइटचा माणूस यायचा, नंबर सांगायचा, मी गुंडाळी काढून द्यायचो. हे काम कुणालाही आलं असतं आणि मला ते रोज नव्याने जाणवायचं. रंगांची पेटी मी ट्रंकेत, लोकरी कपड्यांच्या खाली घातली. दोन पावसाळे ती तिथेच राहिली. कुसुम, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, दर हिवाळ्यात स्वेटर काढताना पेटी उचलायची, माझ्याकडे पाहायची आणि काही न बोलता परत ठेवायची. आमच्या लग्नात तिने न बोलता केलेली जी थोडी कामं आहेत, त्यातलं हे एक.

त्या खिडकीवरच तुळशीराम मेश्राम भेटला. भंडाऱ्याकडचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, डोक्याला कायम लाल दुपट्टा. काम रिगरचं. लोखंडाचा मोठा तुकडा क्रेनला बांधायचा, वर चढायचं आणि तो अलगद जागेवर उतरवून घ्यायचा. वर इतका आवाज असतो की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळा व्यवहार हाताने. तळवा उभा केला की लोड थांबला. बोट फिरवलं की वर. तळवा खाली दाबला की खाली, पण हळू. मी खिडकीतून ब्लास्ट फर्नेसच्या माथ्यावर तो लाल ठिपका पाहायचो. गावात त्याच्या घरच्यांना विहिरीवर पाणी वरून ओतून मिळायचं. इथे क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला माणूस, कुठल्याही जातीचा, कुठल्याही देशाचा असो, त्याच्या तळव्याकडे डोळे लावून बसायचा. हे तो स्वतः कधी म्हणाला नाही. म्हणायची गरज नव्हती, त्याच्या चालण्यात ते होतं.

एका दुपारी तो खिडकीशी आला आणि नंबर न सांगता उभा राहिला.

"पेंटर भाऊ, एक चित्र काढून देता का?"

कारखान्यात पेंटर म्हणजे लोखंडाला शेंदरी रंग फासणारा. मी त्याला हे समजावलं. त्याने समजून घेतलं आणि पुढेही मला पेंटर भाऊच म्हणत राहिला.

गोष्ट अशी होती. त्याच्या शेजारच्या गावचा एक मुलगा कुठल्याशा दूरच्या पुलाच्या कामावर उंचावरून पडला नि काठी घेऊन परत आला. त्या दिवसापासून तुळशीरामच्या मायने जीव खाल्ला होता. ये वापस. दुसऱ्याच्या वावरात राबू, बिड्या वळू, पण ये. ती ज्याच्या-त्याच्याकडे एकच निरोप पाठवायची, तू कशावर उभा राहतोस ते मला दाखव. कॅमेरा आत न्यायला बंदी. येत्या रजेत तो घरी जाणार होता आणि मायने मनातून हो म्हटलं नाही तर तो परतणार नव्हता. तसा तो मायच्या शब्दाबाहेरचा नव्हता, हीच अडचण.

"फक्त एक हाय भाऊ," तो खिडकीत वाकून म्हणाला, "मायले उंची नोका दाखवू. काम दाखवा."

मी त्याला हात दाखवला. सुजलेले सांधे त्याने नीट पाहिले, एकेका बोटाला हात लावून, दोर तपासावा तसे. मग म्हणाला, "मंग राहू द्या. दुखवून नोका काढू." आणि गेला. आग्रह केला असता तर मी सुटलो असतो. आग्रहाला नाही म्हणायची मला सवय आहे.

घरी येऊन मी हे कुसुमला सांगितलं ते गंमत म्हणून. म्हटलं, बघ, चमचा धरता येत नाही आणि लोक चित्र मागतात. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "चमचा धरता येत नाही, पण सायकल बरी धरता येते तुम्हाला."

हे खरं होतं. भिलाईत माणसाला दोन पाय नि दोन चाकं असतात. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा निघतो, त्यात मीही असायचो आणि माझी बोटं हँडलवर कुरकुर करत नसत. मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. तिने पिठाच्या हाताने परातीतला गोळा उचलून दाखवला. जाड वस्तूवर मूठ अलगद बसते. बारीक वस्तू चिमटावी लागते. तुमचं दुखणं चिमटीत आहे, मुठीत नाही. डॉक्टर, मेहुणा आणि मी, तिघांनी मिळून जे दोन वर्षं पाहिलं नव्हतं ते तिने ज्वारीच्या पिठात पाहिलं. मला याचं आश्चर्य वाटलं आणि थोडा रागही आला. नवरेपणाचा भाग म्हणून तो मी दाखवलाही.

रात्रीची जेवणं उरकायच्या आत मी अंगणात जाऊन सायकलच्या हँडलची उजवी रबरी मूठ उपसून काढली. तिच्यात चिंध्या ठासल्या आणि मधोमध माझा सगळ्यात मोठा ब्रश खुपसला. दिसायला ते प्रकरण कोंबडीला दाढी फुटल्यासारखं होतं. पण हातात धरलं आणि दुखलं नाही.

दुखलं नाही म्हणजे जमलं असं मात्र नाही. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद सोडायचा असतो. जे सोडायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि मग हात चटकन चालवावा लागतो. आमच्या मास्तरांचा नियम होता, कागद ओला करा, फळी तिरपी धरा, आधी आभाळ. आभाळ वरून खाली वाहत आणायचं, मग डोंगर, मग झाडं, शेवटी जमीन. माझा हात आता मनगटातून चालेना, खांद्यातून चालायचा. पहिलं आभाळ मी ओढलं ते कागद सोडून कुसुमच्या वाळत घातलेल्या चादरीपर्यंत गेलं. दुसरं वाटेतच वाळलं, त्याच्या मधोमध कळकट रेघ उठली. त्यात वाऱ्याबरोबर मुरुमाची लाल धूळ येऊन बसायची. तो एक रंग भिलाईत फुकट मिळतो, मागितला नाही तरी.

हिवाळा होता. पुढच्या काही रविवारी सकाळी मी क्वार्टरमागच्या मैदानात फळी घेऊन बसत गेलो आणि हाताला नवीन धडा देत गेलो. बारीक रेघ विसरायची. जे एका फटकाऱ्यात येईल तेवढंच खरं. हळूहळू खांद्याला ते कळायला लागलं. आणि एका सकाळी, खरोखर धुकं पडलेलं असताना, फर्नेसचा काळा माथा माझ्या कागदावर असा काही उभा राहिला की मी ब्रश खाली ठेवून दोन्ही हात काखेत घालून बसलो. माथ्यावर लाल रंगाचा एक ठिपका दिला. बोटं ठीक असताना मी इतकं धीट चित्र काढलं नव्हतं. फर्नेसच्या खालचा अर्धा कागद मी कोरा सोडला. धुकं. तुळशीरामने उंची नको म्हटलं होतं, नि कोऱ्या कागदाला उंची नसते. शिवाय खालची गर्दी रंगवायला बारीक हात लागला असता. म्हणजे त्याची इच्छा आणि माझी सोय एकाच धुक्यात बसली.

तुळशीरामने चित्र पाहिलं, आपल्या ठिपक्याकडे पाहून हसला, नि गुंडाळी काखेत मारून रजेवर गेला. मी आठवडाभर हवेत होतो. घरात सगळ्यांना मी तीच गोष्ट रोज सांगायचो, आणि धुकं रोज थोडं दाट होत होतं.

तो परतला तो एकटा नाही. एका रविवारी दारात तुळशीराम आणि त्याच्यामागे एक किरकोळ म्हातारी, नऊवारी गुडघ्याच्या जरा खाली, हातात माझी गुंडाळी. हीच भागाबाई, त्याची माय. तुळशीरामचा चेहरा उतरलेला. कुसुमने पाणी दिलं. म्हातारी आधी पाणी प्यायली, मग माझ्या सायकलकडे बघत राहिली, जिच्या एका हँडलाला चिंधी गुंडाळलेली होती, मग गुंडाळी उलगडून तिने जमिनीवर पसरली.

"भाऊ, हे तुमीच काढलं नं?"

मी हो म्हणालो. जरा नम्रपणेच, कारण आता तारीफ येईल असं मला वाटलं होतं.

तिने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा माहा पोरगा." मग बोट सरळ खाली घसरत आणलं, कोऱ्या कागदावरून, पार कडेपर्यंत. "अन् हे काय हाय?"

मी म्हणालो, "धुकं आहे, आई."

"धुकं मी बी पायलं हाय. धानाच्या बांदीत रोज पायते. धुकं हटते ना भाऊ. हटल्यावर खाली काय हाय?"

तुळशीराम जमिनीकडे पाहत होता. मी चित्राचा वळायला लागलेला कोपरा हाताने दाबून धरला. म्हातारी काही रागावलेली नव्हती. तिने मला आपलं गणित समजावलं. चित्र गावात आलं, सगळ्यांनी वा वा केलं. तिला मात्र तेव्हापासून झोप नाही. आधी ती पोराला उंचावर समजत होती. आता तो तिला कशावरच दिसत नव्हता.

"तुले मी सांगतलं होतं, कशावर उभा राह्यतं ते दाखव," ती तुळशीरामला म्हणाली. "तू मले आभाळ धाडलं."

मग माझ्याकडे वळली. "जे हाय ते काढा भाऊ. भेव वाटलं त वाटलं. मंग मी सांगते याले, राह्यचं का याचं."

मी हात पुढे केला, सुजलेला. सांगितलं की खालचं सगळं बारीक आहे, माणसं, रूळ, झोपड्या, माझ्याने होणार नाही. हे बहाणे नव्हते. नुसतं आभाळ ओढल्यावरसुद्धा संध्याकाळी मला शर्टाची बटणं कुसुमकडून लावून घ्यावी लागत. भागाबाईने माझा हात पाहिला, जसा तिच्या पोराने पाहिला होता तसाच. पण तो म्हणाला होता, राहू द्या. ती म्हणाली, "मी बसते बाजूले. दुखलं त थांबा."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. भिंतीबाहेर, रुळांच्या भरावावर आम्ही बसलो. मी, फळी, भागाबाई, आणि बादलीत गरम पाणी भरून आणणारी कुसुम. आभाळ निरभ्र होतं, लपायला जागा नव्हती. मास्तरांचा नियम मी त्या दिवशी मोडला. आभाळाने सुरुवात केली असती तर जमिनीपर्यंत पोचेतो बोटं संपली असती, आणि ही बाई जमिनीसाठी आली होती. म्हणून कागदाच्या खालच्या कडेपासून निघालो. लाल मुरूम. त्यावर रूळ, दोन जाड फटकारे. डोक्यावर घमेली घेतलेल्या रेजांची रांग, एकेक बाई म्हणजे एकेक ठिपका. सायकली उभ्या केलेला पट्टा, चहाची टपरी, सिमेंटच्या गोण्या. मग फर्नेसचा पाया, इतका रुंद की माझ्या मोठ्या ब्रशलाही चार वेळा जावं लागलं. थोडं रंगवायचं, हात बादलीत बुडवायचा, पुसायचा, पुन्हा मूठ धरायची. मी पाया रंगवत होतो तेव्हा भागाबाई म्हणाली, "जाड हाय." मी म्हटलं, "खाली अजून तेवढाच गाडलेला आहे." ते माझ्या हातून कापडावर उतरलेलं होतं, म्हणून ठामपणे सांगता आलं.

सकाळ चढली तसा माथ्यावर लाल ठिपका दिसायला लागला. भागाबाईने डोळ्यांवर हात धरला. क्रेनने एक अजस्र वाकडा नळ उचलला होता, तो हवेत झुलत होता. ठिपक्याचा एक हात वर गेला. नळ थांबला. खाली कामावरची माणसंही माना वर करून थांबली.

"हे कावून थांबलं?" भागाबाईने विचारलं.

मी सांगितलं. त्याने तळवा उभा केला म्हणून. आता तो खूण करेपर्यंत कुणी हलणार नाही. क्रेनवालाही नाही, इंजिनियरही नाही.

"याच्या हाताचं सगळे आयकतात?"

"ऐकावंच लागतं."

ती पुष्कळ वेळ बघत राहिली. ठिपक्याने तळवा खाली दाबला, हळू, आणि तो डोंगराएवढा नळ लोण्यात सुरी जावी तसा जागेवर उतरला.

"घरी त माहं बी आयकत नाही," भागाबाई म्हणाली, आणि पदराने तोंड झाकून हसली. डोळे मात्र झाकले नाहीत.

दुपार होईतो मी आभाळापर्यंत पोचलो. तेव्हा बोटांत काही शिल्लक नव्हतं. उरलेल्या निळ्या पाण्याचा एक वाकडातिकडा फटकारा मारला, तो जमिनीकडे वाहत येऊ नये म्हणून कुसुमने फळी उलटी धरली, आणि झालं. चित्र म्हणून सांगायचं तर पहिलं कितीतरी सरस होतं. हे गर्दीचं, गढूळ, आभाळ तर कपडे धुतल्यासारखं. तुळशीराम पाळी संपवून आला नि त्याने चित्र पाहिलं. पायापासून माथ्यापर्यंत सगळी उंची तिथे होती, इंचभरही कमी नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला वरून ढकललं आहे.

भागाबाईने बोट कागदाच्या खालच्या कडेला ठेवलं. रूळ, रेजा, पाया, करत करत ते वर नेलं, ठिपक्यापर्यंत. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवली.

"याच्यात तू आभाळातून खाली येऊन राह्यला होता," पहिलं दाखवत ती पोराला म्हणाली. "याच्यात जमिनीवरून वर गेला हायेस." मग दुसरं चित्र गुंडाळत म्हणाली, "राह्य."

तुळशीरामने डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं नि पुन्हा बांधला, दोनदा चुकला.

दुसरं चित्र ती गावी घेऊन गेली. पहिलं मला परत दिलं. म्हणाली, तुमचं तुमालेच असू द्या. ते आमच्या बैठकीत लावलेलं आहे. येणारेजाणारे त्याच्या धुक्याची तारीफ करतात नि मी ती मान खाली घालून घेतो. तुळशीराम आता हेड रिगर झाला आहे, अजून मला पेंटर भाऊ म्हणतो. माझी बोटं बरी झाली नाहीत. सायकलला चिंधीच आहे, नवी मूठ घ्यायचं कुसुम दर दसऱ्याला सुचवते. नागपूरचे मास्तर असते तर मला फळीवरून उठवलं असतं, पण हल्ली कागद ओला केला की मी आधी जमीन काढतो. दुखायला लागायच्या आत ती झालेली असली पाहिजे. आभाळ काय, मागाहून दुखऱ्या हातानेही निघतं.